आबांच्या तळ्यावर

गच्चीवर गाद्या टाकून झाल्या होत्या. पाण्याची कळशी तेवढी खालीच राहिली म्हणून मी परत जिना उतरले, आणि ती घेऊन वर येईस्तोवर स्वानंदनं तो विषय काढलेला होता.

मनीषनगरातल्या आमच्या गल्लीचा ट्रान्सफॉर्मर संध्याकाळीच बसला होता. मे महिना, कूलर बंद, घरात भिंतींनाही हात लावू नये अशी आग. म्हणून सगळे वर. सगळे म्हणजे माझा नवरा स्वानंद, नणंद सुरुची, माझी सहा वर्षांची तारा, ती तर केव्हाच झोपली होती, आणि पाहुणे आलेले काकाजी. काकाजी म्हणजे स्वानंदचे मोठे काका, महादेवराव. कमी बोलतात. अडकित्त्यानं सुपारी कातरत बसतात आणि आपल्याला वाटतं त्यांचं लक्ष नाही.

विषय होता व्हीआर हेडसेटचा. डोळ्यांवर चढवायचा तो जाडजूड चष्मा, ज्यात घरच्या घरी उभं राहून माणूस कुठेही जाऊन खेळू शकतो. ताराच्या सुट्टीसाठी घ्यायचा असं स्वानंदचं म्हणणं. घ्यायचा त्यालाच होता, पण सुट्टी तिची होती. माझ्याकडे हरकती तयार होत्या: डोळे, मान, चक्कर, सवय, टीपॉयच्या कोपऱ्यावर पडणं. तारा झाल्यापासून माझ्या डोक्यात दुसरं काही पिकतच नाही. त्यातल्या किती खऱ्या आणि किती नुसत्या माझ्या, हे मलाही सांगता येत नाही, आणि स्वानंदला ते माहीत आहे.

तो म्हणत होता की अजून काही वर्षांनी हे मोबाईलसारखं घरोघरी होणार. मुलं घरात बसून अजिंठा पाहतील, डॉक्टर त्यातून तपासतील, परदेशातली पोरं जेवायला शेजारी येऊन बसतील. सुरुची म्हणाली, मग मी तुमच्या लग्नाच्या वाढदिवसाला गाऊनवरच येईन, फक्त आहेर प्रत्यक्ष पाठवा. आम्ही हसलो.

काकाजींनी अडकित्ता मिटला.

"चांगली वस्तू आहे," ते म्हणाले. "मी घातली आहे."

स्वानंद उठून बसला. काकाजींनी साधा स्मार्टफोनही नाइलाजानं घेतलेला.

"नंदनवन कॉलनीत. रुपरावच्या घरी." मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "पोट्टी झोपली आहे ना वं पक्की?"

मी ताराच्या पापण्या पाहिल्या. झोपली होती.

मग त्यांनी सांगितलं ते असं.

*

रुपराव म्हणजे काकाजींचा तरुणपणापासूनचा मित्र. कृषी खात्यात होता. या गावाहून त्या गावी, या शेतातून त्या शेतात, सगळा जन्म बांधाबांधानं पायी फिरण्यात गेला. सायकल दिली होती खात्यानं, ती तो हातात धरून चालायचा म्हणे. निवृत्त झाल्यावर नंदनवनात मुलाकडे राहायला आला. मुलगा जितेंद्र कॉम्प्युटरच्या कंपनीत. सून अश्लेषा शाळेत विज्ञान शिकवते. नात मयुरा, तिसरीत. पोरगी भारी भांडखोर. भाजीवरून भांडायची, वेणीवरून भांडायची, आबांशी तर टीव्हीच्या रिमोटवरून रोज.

आणि एका पावसाळ्यात रुपरावला लकवा मारला. उजवं अंग गेलं. समोरच्या खोलीत खिडकीपाशी खाट टाकली, आणि बांधाबांधानं फिरलेला माणूस पंख्याकडे पाहत पडून राहिला. काकाजी भेटायला जायचे तर दोघांमध्ये बोलायला काही उरत नसे.

हेडसेट जितेंद्रनं स्वतःसाठी आणला होता. एका रविवारी गंमत म्हणून बापाच्या डोळ्यांवर चढवला. त्यात एक मासे धरायचा खेळ होता. मोठं तळं, पलीकडे डोंगर, काठाला बांधलेली नाव, आणि तळ्याला वळसा घालून गेलेली पायवाट. एका हातात रिमोटसारखी मूठ धरायची. तिनं गळ टाकता यायचा, आणि तिच्यावरची बोंडी अंगठ्यानं पुढे ढकलली की माणूस त्या वाटेनं चालू लागायचा. डाव्या हातानं जमण्यासारखं होतं.

रुपराव आधी म्हणाला, बैलाची झापडं घातली का गा मले. मग त्याचा डावा अंगठा बोंडी पुढे ढकलत राहिला. मग त्या चष्म्याखालून पाणी वाहायला लागलं. अश्लेषा घाबरली, तिनं पटकन तो काढला. आणि आजारी पडल्यापासून कधी आवाज न चढवलेला माणूस तिच्यावर चिडला.

"काहून काढलं वं? चालून राहिलो होतो ना मी."

तेव्हापासून त्याचा दिवस तिथेच जायचा. सकाळचा चहा झाला की तळं. व्यायाम करून घ्यायला येणारी मुलगीही म्हणाली, चांगलं आहे, मन लागतं, हात हलतो. चेहऱ्यावर रंग आला. जेवणाला चव आली. शाळेतून आली की मयुरा खाटेवर चढून बसायची आणि तो तिला सांगायचा, आता बगळा उडाला, आता ऊन उतरलं, आज त्या मोठ्या खडकापर्यंत गेलो. खडकाच्या पुढं काय आहे, ती विचारायची. तो म्हणायचा, पाहून सांगतो. कधी तिला चष्मा द्यायचा आणि स्वतः डोळे मिटून तिनं सांगितलेलं ऐकायचा.

काकाजींनी तेव्हाच एकदा घातला. "घातला आन् खाली पाह्यलं," ते म्हणाले. "हात होते. हवेतल्या हवेत, नुसते हात. पाय नाई. कोणालेच नसते म्हणे त्या खेळात. मले कसंतरीच झालं, काढून टाकला. रुपरावले म्हटलं, तुले तं पाय नाईत ना बे तिथं. तो म्हणे, मले इथंबी नाईत."

सुरुची हसली आणि मग हसली नाही.

दिवाळीनंतर रुपराव गेला. झोपेतच, कोणाला त्रास न देता. हेडसेट टेबलावर चार्जिंगला होता.

*

मागल्या वर्षीच्या अक्षय तृतीयेला त्याची पहिली घागर होती.

आमच्याकडे त्या दिवशी गेलेल्या माणसासाठी नवी घागर भरतात. थंड पाणी, वर आंबा, समोर पान वाढायचं, निखाऱ्यावर घास टाकायचा, नाव घ्यायचं. उन्हाचा तो येतो, पाणी पितो, जेवतो, जातो. पानावर त्याच्या आवडीचं ठेवायचं. कोणाच्या पानाशी तंबाखूची पुडी असते, कोणाच्या पानाशी चहाचा कप. यात भिण्यासारखं काही नसतं. मी स्वतः माझ्या आईच्या पानाशी दर वर्षी तिखट शेव ठेवते, आणि शिकलेली बाई असूनही ठेवताना शेव तिच्या आवडत्याच दुकानातली आहे ना, हे दोनदा पाहते.

रुपरावच्या पानाशी पुरणाची पोळी होती, आमरस होता, सुपारी होती. मयुरानं टेबलावरून हेडसेट आणला आणि पानाशेजारी ठेवला. आबाले हेच आवडे, म्हणाली. मोठ्यांचे डोळे भरून आले. जितेंद्रनं त्यालाही हळदीकुंकवाचं बोट लावलं.

त्या दिवशी गावाहून रुपरावची बहीण रंभाबाई आली होती. संध्याकाळी पान उचलायची वेळ झाली तेव्हा ती म्हणाली, पितराच्या पानाशी ठेवलं ते घरात परत घ्यायचं नसतं. पोळी गाईला गेली, भात कावळ्याला गेला. हे कोणाला द्यायचं ते ठरवा. जितेंद्र हसला. आत्या, म्हणाला, गाय याचा पट्टा चावेल का भिंग? रंभाबाईही हसली. विषय तिथे संपला. जितेंद्रनं ओल्या फडक्यानं कुंकू पुसलं आणि हेडसेट परत टेबलावर ठेवला. एवढी महागाची वस्तू. कोणीही ठेवला असता. मीही ठेवला असता, आणि वर सॅनिटायझर लावला असता.

रात्री जितेंद्र आत्याला गाडीनं गावी सोडायला गेला.

घरात मायलेकी दोघीच. जेवणं झाली होती, भांडी झाली होती. अश्लेषानं दूध कोमट केलं आणि तिच्या लक्षात आलं की विरजणाला दहीच उरलं नाही. दोन घरं सोडून श्वेता राहायची, तिची मैत्रीण. मयुरा म्हणाली, तू जाऊन ये, मी तोवर खेळते. अश्लेषा म्हणाली, दहा मिनिटं. वाटी घेऊन ती गेली.

श्वेतानं दही दिलं. दारातच थोडं बोलणं झालं. उन्हाबद्दल, शाळेच्या निकालाबद्दल. जशा बायका बोलतात तसं.

ती परत आली.

समोरच्या खोलीत लाईट लागला होता. मयुरा सतरंजीच्या मधोमध उभी होती, डोळ्यांवर हेडसेट. खेळायच्या दोन्ही मुठी सोफ्यावर पडलेल्या. तिनं त्या धरलेल्याच नव्हत्या. पण डावा हात वर होता, खांद्याच्या उंचीला. बोटं मिटलेली. एखाद्या मोठ्या माणसाचं बोट धरावं तशी.

ती हळू आवाजात बोलत होती.

हो. हो आबा. नाही, नाही थकले.

अश्लेषा विज्ञानाची बाई. तिनं वाचलं होतं की घरातलं माणूस गेलं की लहान मुलं असं करतात, बोलतात, खेळतात, आणि आपण फार मनावर घेऊ नये. तिनं मनावर घेतलं नाही. पुरे आता, म्हणाली. मागून जाऊन पट्टा सैल केला आणि हेडसेट काढला.

मयुराचे डोळे उघडे होते.

पण ते आईकडे नव्हते. भिंतीकडेही नव्हते. लांब कुठेतरी होते, जसे चालताना वाटेच्या टोकाला असतात. मान हलत होती, अगदी थोडी, वर-खाली. चालणाऱ्या माणसाची हलते तशी. पाय मात्र सतरंजीवर रोवलेले.

हात तसाच वर.

अश्लेषानं हाक मारली. मग खांदा हलवला. डोळ्यांसमोर हात फिरवला. पापणी लवली नाही.

मयुरा म्हणाली, "आबा म्हणतात, अजून थोडं पुढं जाऊ. तिकडं सावली आहे."

आणि अश्लेषाच्या लक्षात आलं, आवाज बारीक झाला होता. ओठ समोर हलत होते, हातभर अंतरावर. पण आवाज अंगणातून आल्यासारखा.

*

इथे काकाजी थांबले. त्यांनी कळशीतलं पाणी घेतलं. मी ताराच्या पोटावर हात ठेवला. पोट वर-खाली होत होतं. मी तो हात मग काढलाच नाही.

सुरुचीनं विचारलं, तिनं कोणाला बोलावलं नाही का. काकाजी म्हणाले, जितेंद्रले फोन लावला. लागला नाई. रस्त्यात होता तो, जंगलातून.

"मले तिनं सांगितलं," ते म्हणाले, "का काकाजी, मले भेवच नाई वाटलं. काहीच नाई वाटलं. हातात विरजणाची वाटी होती. ती टेबलावर नीट ठेवली. वरून झाकणी ठेवली. मांजर येईल म्हणून."

*

मयुरा परत बोलली. आता शब्द नीट कळले नाहीत. खडक असं काहीतरी. आवाज गल्लीच्या टोकावरून यावा तसा.

तिचा वर धरलेला हात अश्लेषानं दोन्ही हातांनी खाली ओढून पाहिला. आला नाही. जोर लावला तरी आला नाही. पलीकडून कोणी धरलं होतं.

मग तिनं हेडसेट स्वतःच्या डोळ्यांवर चढवला.

तळं.

तिथे दुपार होती. पाणी स्थिर. नाव बांधलेली. बगळा. सगळं रोजचंच, शंभरदा पाहिलेलं. तिनं खाली पाहिलं. तिला पाय नव्हते.

पायवाटेवर लांब दोघं जात होती.

पाठमोरी. एक माणूस, पांढरा पायजमा, बिनबाह्यांची बंडी. शेजारी लहान मुलगी, त्याचं बोट धरून.

माणूस ताठ चालत होता.

त्याला पाय होते.

दोघांनाही होते. पावलांखाली धूळ उडत होती... बारीक.

अश्लेषानं पुढे पाऊल टाकलं. चालायची मूठ सोफ्यावर राहिली होती, म्हणून ती आपल्या पायांनीच चालली, सतरंजीवरून. एक पाऊल. दुसरं. आणि समोर निळी जाळी उभी राहिली. कोणी भिंतीवर आपटू नये म्हणून जितेंद्रनं खेळाच्या जागेभोवती आखून ठेवलेली हद्द. त्या जाळीतून पुढे तळं दिसत होतं. जाता येत नव्हतं. तिनं हात घातला. हाताला खिडकीचा गज लागला.

तिथेच आबांची खाट असायची.

"मयुरा."

मुलगी वळली नाही.

"मयुरा, बाळा..."

दोघं लहान होत चालली होती. खडकाजवळ आली होती. खडकाच्या पुढं वाट वळत होती. वळणापलीकडचं काही दिसत नव्हतं.

मग तिनं दुसरी हाक मारली. रोज सासऱ्यांना चहा देताना मारायची तीच.

"मामाजी."

माणूस थांबला.

वळला नाही. पण थांबला. मान थोडी कलती केली, कमी ऐकू येणारा माणूस करतो तशी.

काय बोलावं... तिला रंभाबाईचं बोलणं आठवलं. तिनं ते तसंच सांगितलं, शाळेत चूक कबूल करणारी पोरं सांगतात तसं, सपाट आवाजात.

"मामाजी, ही वस्तू तुमची आहे. तुमच्या पानावरची. आम्ही परत घ्यायले नव्हती पाहिजे. चुकलं आमचं. तुम्ही घेऊन जा."

पाणी हललं नाही.

"पण पोट्टी माही आहे. तिले सोडा जी."

मग तो माणूस वाकला. मुलीच्या कानाशी. काहीतरी म्हणाला. ऐकू आलं नाही. मुलगी मान हलवत होती. हो म्हणत होती की नाही, तेही कळलं नाही, फार लांब होतं.

तो उभा राहिला.

त्यानं हात सोडला.

आणि अंधार झाला. हेडसेटची बॅटरी गेली होती. दिवसभर कोणी चार्जिंगला लावलाच नव्हता.

अश्लेषानं तो काढला. मयुराचा हात खाली आला होता. ती डोळे चोळत होती. आवाज जवळचा होता, नेहमीचा, झोपाळू.

"आई, झोप येते."

अश्लेषा तिला घेऊन जमिनीवरच बसली.

*

"बरं झालं," सुरुची म्हणाली.

"झालं," काकाजी म्हणाले. "म्हणजे तिनं एवढंच पाह्यलं. हात सोडला. पोट्टी वळून इकडं आली का, हे पाह्याच्या आधी अंधार झाला."

त्यांनी परत अडकित्ता उघडला.

पहाटे जितेंद्र परतला. अश्लेषानं सगळं सांगितलं. तो वाद घालणारा माणूस, पण बायकोकडे पाहिलं आणि घातला नाही. पत्रावळीवर दहीभात घेतला, त्यावर हेडसेट ठेवला, मुठी ठेवल्या, आणि उजाडायच्या आत, झोपलेल्या पोरीला गाडीत घेऊन, दोघं गावाबाहेरच्या एका तलावावर गेली. पायऱ्यांवर उभं राहून जितेंद्रनं बापाचं नाव घेतलं आणि ते सगळं पाण्यात सोडलं. बुडबुडे आले. मग पाणी नीट झालं. हे त्यांनी शेजारी-पाजारी कोणाला सांगितलं नाही. काकाजींना सांगितलं ते फार नंतर, आणि त्यालाही कारण घडलं म्हणून.

मयुराला काही झालं नाही. ताप नाही, दचकणं नाही. डॉक्टरांना दाखवलं. उत्तम आहे, म्हणाले. शाळा सुरू झाली, ती जाऊ लागली. हेडसेट कुठे गेला हे तिनं विचारलं नाही. आबांचं नाव काढलं नाही. वाढलेलं सगळं खाते. वेणी घालताना मान ओढली तरी बसून राहते. रिमोट कोणीही घ्यावा. नातेवाईक म्हणतात, पोरगी किती समजदार झाली. वर्गशिक्षिकेनं बोलावून कौतुक केलं, आता अजिबात त्रास देत नाही म्हणाल्या. अश्लेषा थँक यू म्हणून घरी आली आणि भाकऱ्या थापायला बसली.

"मी पोळ्याच्या सुमाराले गेलो होतो," काकाजी म्हणाले. "चहा झाला. पोट्टी समोर बसून चित्र रंगवून राहिली होती. मी म्हटलं, काय काढलं वं? तिनं दाखवलं. चांगलं होतं. झाड, घर, सूर्य. अश्लेषा म्हणे, काकाजी, जरा आत या, तुम्हाले एक दाखवाचं आहे."

आत जितेंद्र पलंगावर बसला होता. अश्लेषानं त्याचा जुना फोन काकाजींच्या हातात दिला. त्या हेडसेटचं ॲप असतं म्हणे फोनमध्ये. हेडसेट चालू आहे की बंद, चार्जिंग किती, कोण कोणता खेळ खेळतंय, हे त्यात दिसतं. मुलांवर लक्ष ठेवता यावं म्हणून. जितेंद्र ते काढायचं विसरून गेला होता. आणि एका संध्याकाळी जुने फोटो शोधताना त्याचं बोट चुकून त्यावर पडलं.

काकाजींनी चष्मा लावून वाचलं.

हेडसेट चालू. चार्जिंग पूर्ण. त्यापुढे हिरवा ठिपका. खेळ, तळ्याचा.

त्याखाली एक ओळ होती. खेळाडू: दोन.

"मी म्हटलं, मशीनची चूक असंल," काकाजी म्हणाले. "जितेंद्रबी तेच म्हणे. म्हणे, काढून टाकतो हे, म्हणजे डोक्याले ताप नाई. त्यानं बोट ठेवलं काढाले. तं अश्लेषानं त्याचा हात धरला. जोरात नाई. असाच."

काकाजींनी स्वतःचं मनगट धरून दाखवलं.

"म्हणे, राहू द्या. हे काढलं आन् ती परत यायले निघाली, तं कुठून येईल?"

बाहेरच्या खोलीत मयुरा होती. रंगाची पेन्सिल कागदावर घासल्याचा आवाज येत होता, एकसारखा.

तो फोन अश्लेषानं आपल्या उशाशी ठेवलाय. रात्री आठवणीनं चार्जिंगला लावते. एका बाजूला फोन, एका बाजूला मयुरा. सकाळी जाग आली की आधी तो पाहते, मग पोरीकडे वळते.

स्वानंदनं विचारलं, आता काय दाखवतो तो.

काकाजी आडवे झाले होते. त्यांनी चादर छातीपर्यंत ओढून घेतली.

"परवाच फोन आला होता तिचा," ते म्हणाले. "ठिपका हिरवाच आहे. अजून दोनच आहेत म्हणे."